शुक्रवारचा काटा

रुवीत, बंद पडलेल्या टायरच्या दुकानामागे
दर शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी काटा लावतो.
माझं काम एवढंच : वजन बघायचं, वहीत लिहायचं.
पुठ्ठा एकशे चौदा किलो. काच एक्केचाळीस. डबे एकोणीस.
पगार नाही. हजेरी नाही.
जन्मभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवले,
ही एकच वही अशी, जिच्यात
शिल्लक उरू नये असं मनापासून वाटतं.

संस्था थुरय्याबाईंची.
शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या
आणि म्हणाल्या, आता जरा मोठा वर्ग घेते.
सक्ती कुणावरच नाही. ‘आणलंत तर बरं होईल’
एवढंच फळ्यावर, अरबीत, मल्याळममध्ये, उर्दूत,
आणि सगळ्यात खाली माझ्या हट्टाचं मराठीत,
ते वाचणारी इथे आमची तीन घरं.

पहिल्या महिन्यात नेमानं आल्या त्या बकऱ्या.
डोंगरावरून उतरल्या, पुठ्ठा खाऊन गेल्या.
मी लिहिलं : घट सहा किलो, कारण बकऱ्या.
बाई म्हणाल्या, खोडू नका,
त्यांनी तर आपल्या आधी सुरुवात केलीय.

मग शाळांमधून मुलं येऊ लागली.
शर्विलनं विचारलं, काका, हे वेगळं, ते वेगळं कशाला?
शेवटी सगळा कचराच ना?
मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो.
कारण कुर्डुवाडीला आमच्या घरी कचरा नव्हताच.
रद्दी होती, तिला भाव होता.
मोड होती, ती घालून नवं पातेलं यायचं.
जुनेर होतं, त्यावरून आई आणि बोहारीण
दुपारभर एकमेकींना हरवत बसायच्या.
खरकटं म्हशीचं. राख भांड्यांची.
निर्माल्याला तर पाय लागू द्यायचा नाही.
टाकलेल्या प्रत्येकाला नाव होतं
आणि नावाला पत्ता.
मग एक काळी पिशवी आली घरात,
आणि आम्ही तिचं तोंड बांधायला शिकलो.

मोइनुल सफाई कंपनीचा, मूळचा चांदपूरचा.
एका शुक्रवारी झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून त्यानं विचारलं,
तुम्हाला याचे किती देतात?
काहीच नाही, मी म्हणालो. जरा अभिमानानंच.
तो काट्याकडे बघत राहिला.
मला मिळायचे, म्हणाला. डब्यांचे. किलोला दोनशे बैसा.
तुम्ही यायच्या आधी.
रागानं नाही. कुणी तारीख विचारावी
आणि आपण सांगावी, तसं.

वहीत याला रकाना नव्हता.

बैठक झाली. सुलेमानी चहा झाला.
कुणी नियम काढले, कुणी पृथ्वी काढली.
बाई काही बोलल्या नाहीत.
पुढच्या शुक्रवारी त्यांनी मोइनुलला मुलांपुढे उभं केलं,
आपण खाली, सतरंजीवर, पहिल्या रांगेत बसल्या.
त्यानं डोळे मिटले. डबा कानाशी धरला, टिचकी मारली.
ॲल्युमिनियम.
दुसरा. पत्रा.
बाटली नुसती दाबली : ही वितळते, ही नाही.
चाळीस वस्तू, एक चूक.
चुकीला तो स्वतःच हसला, आणि मग मुलं सुटली,
अंगणभर टिचक्यांचा पाऊस, प्रत्येकाचा डबा प्रत्येकाच्या कानाशी.

त्या दिवशी मी लिहिलं :
डबे बावीस किलो, मोइनुलच्या नावे.
असली नोंद कुठल्याही लेखापरीक्षणात टिकणार नाही.
मला ठाऊक आहे, मीच ती खोडली असती.

आता तीन शुक्रवार तो आलेला नाही.
कंपनीनं बरक्याला हलवलं, असं कुणी म्हणतं.
फोन लागतो, उचलला जात नाही.
त्याचं पोतं भिंतीशी तसंच उभं.
बकऱ्या येतात, हुंगतात, पुढे जातात.
मी काटा पुसतो, वही उघडतो,
आणि पानाच्या तळाशी पुन्हा लिहितो :
शिल्लक, एक पोतं.